पाटाची पलीकडची बाजू

आमच्या घरात एक पाट होता, त्यावर कुणालाही बसू देत नसत. पिंपरीतल्या त्या दोन खोल्यांत पाट होते दोनच. त्यातला एक असा अडवून ठेवल्यामुळे दादा, म्हणजे माझे वडील, कंपनीतून आले की दुसऱ्या पाटावर बसून जेवत आणि बाकीचे आम्ही फरशीवर. अडवलेल्या पाटावर खळीनं एक जाड कागद चिकटवला होता. त्या कागदावर मी बांगडी ठेवून तिरक्या ओळींत गोल काढले होते आणि प्रत्येक गोलात एकेक इंग्रजी अक्षर लिहिलं होतं. तो माझा टाइपरायटर. टायपिंगच्या क्लासात मशिनं मोजकी आणि मुलं दाटीवाटीनं. त्यामुळे क्लासच्या सरांचा नियम होता, की आधी घरी कागदावर बोटं तयार करायची, मगच मशिनीला हात लावायचा. पाटावर बसायला बंदी घातली ती आईनं. अक्षरांवर बसायचं म्हणजे सरस्वतीवर बसायचं, असं तिचं म्हणणं. माझा सराव संपला की ती पाट जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून देवांच्या फळीवर ठेवी, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हातपाय धुतल्यावरच खाली काढी. दसऱ्याला दादांनी आपले पाने आणि हातोडी पुजायला मांडली तेव्हा आईनं शेजारी तो पाटही मांडला आणि बरोबर मधोमध, जी आणि एच या अक्षरांवर, हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. तो डाग पुढे कधी गेला नाही.

दादा फिटर होते. त्यांनी पहिल्यांदा तो कागद पाहिला तेव्हा बराच वेळ नुसते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "ए झाल्यावर एस? मधली बी, शी कुठं गेली?"

मी म्हटलं, "मशिनवर असंच असतं, दादा."

"असंच असतं म्हंजी? ही असेंब्लीला चुकलंय. एकानं चुकीचं जोडलं आन पुढच्यांनी तपासलंच न्हाई. नाइट शिफ्टचा माल आसंल."

मलाही त्याहून चांगलं उत्तर देता आलं नाही. क्लासात विचारायची हिंमत नव्हती. शाळेत बाराखडी असो की पाढे असोत, एकामागून एक यायचं त्याला काही तरी रीत असते, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. इथे मात्र रीतच नव्हती. क्यू कोपऱ्यात का, एम खालच्या ओळीत का, घडोघडी लागणारा ए सगळ्यात दुबळ्या करंगळीखाली का, याचा विचार करून माझं डोकं शिणून जाई. सर सांगत, विचार करू नका, बोटांना पाठ होऊ द्या. म्हणून मी डोळे मिटून म्हणत बसे, "ए, एस, डी, एफ, जी, एफ, सेमी, एल, के, जे, एच, जे." सेमी म्हणजे अर्धविरामाची कळ. शेजारच्या काकूंनी एकदा आईला हळूच विचारलं, की वसंता कुठल्या देवाचं म्हणतो.

पण कागदावरच्या सरावात एक मोठी अडचण होती. कागद काही सांगत नाही. बोट चुकलं काय आणि बरोबर पडलं काय, उमटत काहीच नाही. मी तासभर बोटं आपटून उठायचो आणि मला कळायचं नाही की मी काय लिहिलं. म्हणून दादांनी ठरवून टाकलं, की आक्कानं माझ्यावर लक्ष ठेवायचं. आक्का माझी मोठी बहीण. नाव सुमन, पण मी आक्का म्हणे आणि दादा सुमे. तीही माझ्यासारखीच मॅट्रिक झालेली, माझ्याहून चांगल्या मार्कांनी. क्लासची फी मात्र एकाचीच भरायची होती आणि ती कुणाची भरायची हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारलाच नाही. मीही नाही.

आमची संध्याकाळ अशी असे. मी भिंतीला टेकून बसायचो, पुढ्यात पत्र्याचा डबा आडवा आणि त्यावर तो पाट. पाटाच्या पलीकडे आक्काची परात आणि तिच्या बाजूला रॉकेलचा स्टोव्ह. स्टोव्हचा घरघराट, भाकरी थापल्याचा आवाज आणि माझ्या बोटांची कागदावरची टकटक. मधूनच कंपनीचा भोंगा झाला की आई आतून म्हणायची, "सुटली शिफ्ट, आमटी ठेव." मी क्लासातल्या पुस्तकातलं वाक्य मोठ्यानं वाचून बोटं चालवायचो आणि आक्का भाकरी थापता थापता वाकून बघायची.

"आरं, आर म्हणालास आन टीवर मारलंस."

"नाही, आरवरच मारलं."

"मला काय दिसत न्हाई व्हय? पुन्हा मार."

तिची नजर भारी तीक्ष्ण होती. हाताला पीठ, तव्यावर भाकरी, तरी माझी चूक तिच्याकडून सुटायची नाही. मला ती अक्षरं पाहूनच सापडायची. तिला ती न पाहता माहीत असायची. दोन भाकऱ्यांच्या मध्ये ती परातीच्या कडेवर दोन्ही हात टेकून माझ्याबरोबर बोटं हलवायची. मी वाचेन ते तिथल्या तिथं. पिठाचे ठसे परातीच्या कडेवर उठायचे आणि पुढच्या भाकरीबरोबर पुसले जायचे. मला गंमत वाटायची. कधी कधी रागही यायचा, कारण ती माझ्या पुढे जायची आणि थांबून माझ्याकडे बघायची.

एकदा तिनं म्हटलं, "वसंता, मला जरा त्या अंगाला बसू दी की. एकदाच."

मी म्हटलं, "मग भाकरी कोण करणार? दादा?"

ती हसली. मीही हसलो. या वाक्यावर मी नंतर कितीदा परत आलो असेन. त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आजही मला खरोखर समजत नाही, की बोलताना माझ्या मनात भाकरीच होती, की दुसरं काही.

आमच्या आक्काला कागदावर बघून बघून टायपिंग येतं, ही गोष्ट दादांनी कंपनीत चहाच्या सुट्टीत सांगितली. त्यांना त्याचं फार कौतुक. चिंचवडच्या बाजूला एक नवा कारखाना उभा राहत होता आणि तिथल्या ऑफिसला दोन टायपिस्ट पाहिजे होते. एक लगेच, दुसरा महिन्याभरानं. तिथले हेडक्लार्क दादांच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीचे निघाले आणि म्हणाले, पोरीला येत असेल तर आणा, आधी तिची टेस्ट घेऊ. त्या दिवशी आक्काचा चेहरा मी पहिल्यांदा तसा उजळलेला पाहिला. तिच्यासाठी निघोजेचं एक स्थळ आलेलं होतं. तिला ते नको होतं असं नाही, पण तिला थोडी वर्षं हवी होती. परात घासता घासता ती मला म्हणाली, "नोकरी लागली ना, तर दादा लगीन लांबवतील. त्यांनीच म्हटलंय. कमवती पोरगी इतक्यात कोण देतंय?" मग माझ्या हाताला चिमटा काढून म्हणाली, "आन पयल्या पगाराचा तुला शर्ट."

टेस्ट आमच्याच क्लासात झाली, कारण मशिनं तिथंच होती. आक्कानं खऱ्या मशिनीला तोवर हात लावलेला नव्हता. वाटेत मी तिला कागद कसा चढवायचा, ओळ संपली की घंटी वाजते, मग दांडा कसा ओढायचा, ते सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "एकच लक्षात ठेव, आक्का. खाली बघायचं नाही. खाली बघितलं की सर तिथंच नापास करतात. नजर मजकुरावर, बाकी बोटं बघून घेतात."

तिनं तसंच केलं. अगदी मी सांगितलं तसं. कागद मी चढवून दिला, तिची बोटं मधल्या ओळीवर ठेवून दिली आणि दादांच्या शेजारी दारात जाऊन उभा राहिलो. हेडक्लार्कनी घड्याळ बघून "करा सुरू" म्हटलं. आणि आक्का सुटलीच. मी इतके दिवस क्लासात जात होतो, पण अशी सलग टकटक मी फक्त सरांच्या हातून ऐकली होती. मान ताठ, नजर मजकुरावर. घंटी वाजली की दांडा ओढायची, पुन्हा सुरू. दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला.

हेडक्लार्कनी कागद ओढून काढला. बघितला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग सरांकडे दिला. सरांनी तो ओळीओळीनं पाहिला.

"बाई," हेडक्लार्क म्हणाले, "ही कुठली भाषा?"

बाकीची मुलं हसली. मी पुढे होऊन कागद पाहिला. एक शब्द धड नव्हता. मजकूर सुरू होत होता 'डिअर सर' असा. डिअरच्या जागी के, मग स्वल्पविराम, मग अर्धविराम, मग एम. सरच्या जागी एल, सी, एम. मला आठवतंय, त्या गोंधळातही माझ्या मनात शाळेतलं गणित आलं, एलसीएम म्हणजे लसावि. खाली सगळं पानभर तसंच. अक्षरं स्वच्छ, ओळी सरळ, समास नेमका, आणि अर्थ काही नाही. जणू कुणी दुसऱ्याच देशातून फार व्यवस्थित पत्र लिहिलं होतं.

आक्का कागदाकडे बघत होती. मग तिनं पहिल्यांदाच मशिनच्या कळांकडे पाहिलं आणि मग आपल्या हातांकडे. "माझी बोटं बरोबर पडली," ती म्हणाली. "बरोबर पडली, सर. मला पाठ हाय."

"पुन्हा एकदा घेता का?" सरांनी हेडक्लार्कना विचारलं. ते उठले होते. म्हणाले, "वेळ नाही हो. घाबरल्या असतील. बाईमाणसांचं होतं असं."

बसस्टॉपवर दादा तिच्याशी बोलेनात. ती एकटीच पुटपुटत होती, "ए, एस, डी, एफ, जी, एफ." क्रम बरोबर होता. वरची ओळ म्हणाली, तीही बरोबर. खालचीही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग की रं, कुठं चुकलं माझं?" मी म्हटलं, "मला नाही समजत, आक्का." ते खरं होतं. तेव्हा ते पूर्ण खरं होतं. बस आली तशी दादा म्हणाले, "उलट्या डोक्याची हाय ही. सरळ दिलं तरी उलटं करती." त्यांचा अपमान झाला होता, म्हणून बोलले. पण ते नाव चिकटलं. मीठ कमी पडलं, उलट्या डोक्याची. पातेलं उपडं राहिलं, उलट्या डोक्याची. पुढे मीसुद्धा म्हणू लागलो.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं, ती. टेस्टनंतर आक्कानं बोटं हलवणं सोडून दिलं होतं. माझ्या चुकाही ती काढत नव्हती, मान खाली घालून भाकऱ्या करी. दुसरी जागा अजून मोकळी होती आणि तिच्यासाठी पुढच्या आठवड्यात माझी टेस्ट होती, म्हणून माझा सराव चालूच होता. अशाच एका संध्याकाळी मी 'डिअर सर' वाचत होतो. डी म्हणालो, माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट पडलं. आणि पाटाच्या पलीकडे परातीच्या कडेवर आक्काच्या उजव्या हाताचं मधलं बोट आपसूक हललं. तिचं लक्षही नव्हतं. मी ई म्हणालो, माझं बोट वर गेलं, माझ्यापासून लांब, म्हणजे तिच्याकडे. तिचं बोट मागे आलं, तिच्या स्वतःकडे. मी थांबलो. बोटं तशीच ठेवून मी पाटाकडे पाहिलं. माझ्या डावीकडचं सगळं तिच्या उजवीकडे होतं. माझी वरची ओळ तिला सगळ्यात जवळची, म्हणजे तिची खालची. ती समोर बसून शिकली होती. जिथं आम्ही तिला बसवलं होतं तिथून ते जसं दिसत होतं, तसंच, एकही चूक न करता. मशिनसमोर तिला पहिल्यांदाच माझ्या बाजूला बसवलं आणि वर मी सांगितलं, खाली बघू नकोस.

आज हे लिहिताना वाटतं, की त्या क्षणी मला सगळं असंच लख्ख कळलं. पण मी शपथेवर सांगू शकत नाही. कदाचित नुसतं दिसलं असेल आणि अर्थ मागाहून लागला असेल. एवढं मात्र पक्कं आठवतं, की मी तोंड उघडलं होतं. आणि मग मनात आलं, की हिला सांगितलं तर ही या बाजूला येऊन बसेल, आणि माझी टेस्ट आठवड्यावर आलेली. अक्षरांचा पाट एकच होता. एक आठवडा जाऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं की नाही, तेही नीट आठवत नाही.

आठवड्यानं ती नोकरी मला लागली. निघोजेच्या मंडळींना होकार गेला. लग्नाच्या गडबडीत कसं सांगणार, असं झालं. लग्नानंतर सांगून काय उपयोग, असं झालं. त्या ऑफिसात मी हेडक्लार्क होऊन रिटायर झालो. आक्का निघोजेत कांद्याच्या वाफ्यांत उभी राहिली, आणि मग त्या वाफ्यांच्या चहूबाजूंनी कंपन्यांच्या शेड उभ्या राहिल्या. तिच्या मुलाच्या, सुनीलच्या, लग्नात मी माईक हातात घेऊन ती टेस्टची गोष्ट सांगितली. "ही कुठली भाषा?" या वाक्याला मांडव हसला. आक्काही हसली, पदर तोंडाला लावून.

मागच्या रविवारी मी निघोजेला गेलो. हे लिहिण्याआधी तिला सांगावं, एवढंच मनात होतं. बरोबर एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पुन्हा ती अक्षरं काढून नेली होती, कारण नुसतं बोलून मला सांगता येईल असं वाटत नव्हतं. दाजी गेल्यापासून ती ओसरीवरच बसलेली असते. मेथी निवडत होती. मी कागद पसरून म्हटलं, "आक्का, इकडं ये. माझ्या शेजारी बस."

ती आली, गुडघ्यावर हात टेकून बसली, चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही काय रं काढलंस? समदं उलटं हाय."

तेव्हा मी सांगितलं. मला वाटलं होतं वेळ लागेल, पण तिला पहिल्या दोन वाक्यांतच कळलं. ती मेथीच्या काड्या गोळा करत राहिली. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात. कळलं म्हणजे… दिसलं."

"आन सुनीलच्या लग्नात माईकवर बोललास, तवा ठावं होतं?"

"होतं."

ती रडेल असं मला वाटलं होतं, किंवा जाऊ दे म्हणेल. तिनं दोन्हींतलं काही केलं नाही. म्हणाली, "मला एकटीला सांगून काय करू मी त्याचं? मांडवात सांगितलंस, तसं पोरांम्होरं सांग. जेवायला बसतील आता."

जेवताना मी सांगितलं. सुनीलला शिफ्ट नव्हती, त्याची बायको स्वाती वाढत होती. माझं सांगणं मलाच गुंतागुंतीचं वाटायला लागलं. डावं, उजवं, वर, खाली, पाट, परात. सुनील म्हणाला, "म्हणजे मोबाईल उलटा धरल्यासारखं का, मामा?" मी हो म्हटलं. तो हसला. "म्हणजे शेवटी आई उलटंच शिकली ना राव! तेच तर समदी म्हणत्यात." इतकी वर्षं जे सांगायचं राहिलं होतं ते सांगून झालं होतं, आणि ती गोष्ट जागची हलली नव्हती.

आक्कानं आपलं ताट बाजूला सारलं. हात धुऊन पदराला पुसले. ओसरीवरून तो कागद घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात ठेवला, मला सरळ दिसेल असा. मग माझ्यासमोर, पलीकडच्या बाजूला, मांडी घालून बसली. दोन्ही हात कागदावर ठेवले.

"स्वाती, तू मामाच्या मागं हुबी ऱ्हा," ती म्हणाली. स्वाती कंपनीच्या स्टोअरमध्ये दिवसभर कॉम्प्युटरवर बसते. "आन माझं बोट पडंल त्ये अक्षर मोठ्यानं वाच. बोल रं वसंता."

"काय बोलू?"

"त्येच. त्या दिशीचं."

मी म्हटलं, "डिअर सर."

तिनं कागदाकडे पाहिलं नाही. समोर, माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होती, मान ताठ. बोटं पडू लागली. माझ्या खांद्यामागून स्वाती वाचत होती, "डी… ई… ए… आर…" मग थोडी थांबून, "एस… आय… आर." सुनीलचा घास हातातच राहिला होता. स्वाती हळू आवाजात म्हणाली, "आई, एकही चुकलं नाही."

आक्कानं हात उचलले नाहीत. मधल्या ओळीवर बोटं आणून ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "फुडं बोल की."

पुढचा मजकूर मला आठवत नव्हता. मी सुचेल ते बोलत गेलो, आणि ती पलीकडून ते लिहीत राहिली.